जुना पिकअप: थांबून निघताना गाडी मरते, मग उसळी मारते

चोकओढ्या
कार्बोरेटरवाला जुना पेट्रोल पिकअप, पॉइंटचा डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा, आत उघडझाप करणारे पॉइंट). चढाला ताकद मस्त, वेग धरला की तक्रार नाही. पण उभ्या गाडीला हलकी रेस दिली की क्षणभर दम जातो आणि मग एकदम गचका. रिव्हर्सला तर क्लचवर नाचावं लागतं. आयडल (पाय न लावता इंजिन फिरतं तो वेग) वाढवला, तेवढ्यापुरतं झाकलं जातं. मला शर्यत लावायची नाहीये, गाडी सरळ निघाली तरी बास. एक जण म्हणतोय मोठा कार्बोरेटर बसव. बसवू का?

टॅपेटकाका
अजिबात नको. मोठ्या तोंडात कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट ओढलं जात नाही. तुझं दुखणं नेमकं तिथलंच, ते वाढेल.

आयडल आधी खाली आण. थ्रॉटलची पाकळी जास्त उघडी राहिली की आयडलवरून वेग घेताना पेट्रोल देणारी ट्रान्स्फरची भोकं आधीच उघडी पडतात, मग निघताना द्यायला काही उरत नाही. आता इंजिन बंद, गार झालेलं. एअर फिल्टर काढ आणि कार्बोरेटरच्या घशात बघत हाताने थ्रॉटल हलव. हलवताक्षणी पेट्रोलची धार सुटली पाहिजे. उशिरा आली किंवा नुसती ठिबकली तर अ‍ॅक्सिलरेटर पंप गेला. (विडी लांब ठेव.)

धार चांगली असेल तर कार्बोरेटरला हात लावू नकोस. चढाला ताकद आहे म्हणतोस ना? फुल थ्रॉटलला मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) व्हॅक्यूम जवळपास नसतोच, तिथे अ‍ॅडव्हान्स, म्हणजे ठिणगी लवकर पाडणं, देतात ती डिस्ट्रिब्युटरमधली वजनं. हलक्या पायाला मात्र व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स लागतो. कॅप काढ, त्याची नळी कार्बोरेटरकडून सोडव, तोंडाने ओढ आणि जिभेने टोक दाबून धर. आतली पॉइंटची प्लेट सरकून तशीच राहिली पाहिजे.

चोकओढ्या
धार लगेच येते. प्लेट हलतच नाही, ओढली की नुसती हवा. नळीचं टोकही चिरलंय.

पाना_दहा_अकरा
पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट टाक, मिटलं. माझ्या गाडीची कटकट गेली.

टॅपेटकाका
किट चांगलंच, पण व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सचा फाटका डायफ्राम (पडदा) किटने सांधत नाही. नळी बदल, पुन्हा ओढून बघ, तरीही हवा आली तर अ‍ॅडव्हान्स युनिट नवीन. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्टही हाताने आडवा हलवून बघ. बुश झिजलं असेल तर पॉइंटमधला गॅप दर फेरीला बदलतो आणि टायमिंग (ठिणगीची वेळ) एका जागी थांबत नाही.

मग पॉइंटचा गॅप आणि त्यानंतरच टायमिंग. गॅप बदलला की टायमिंग सरकतं. कमी गॅपला पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग मागे पडतं. आकडा तुझ्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला घे, कुणी सांगितलेला नको. टायमिंग लाइट लावताना व्हॅक्यूमची नळी काढून बूच मार, मॅन्युअल वेगळं सांगत नसेल तर.

मिक्स्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) सगळ्यात शेवटी, इंजिन गरम असताना, व्हॅक्यूम गेजवर. काटा सगळ्यात वर जाऊन स्थिर होईल तिथे मिक्स्चरचा स्क्रू तसाच ठेव. धड इंजिन समुद्रसपाटीला 17 ते 22 इंच (पाऱ्याचे) दाखवतं, उंचीवर दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धर. काटा ठरावीक तालात खाली झटकत असेल तर मिक्स्चर फिरवत बसू नकोस, टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) आणि कॉम्प्रेशन बघ.

चोकओढ्या
आणि चढाला टकटक आली तर?

टॅपेटकाका
टायमिंग दोन अंश मागे घे आणि त्याच चढावर परत नेऊन बघ.