मदत हवी आहे: वीज गेल्यावर छतावरच्या सोलरवर बोअरचा पंप चालेल का?

पुण्यात सिंहगड रोडला नदीजवळ आमची २८ फ्लॅटची सोसायटी. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी पार्किंगमध्ये शिरलं, जनरेटर बुडाला, सुरक्षेसाठी वीजही बंद केली. छतावर १० किलोवॉट सोलर आहे, पण ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या वीजपुरवठ्याला (ग्रिडला) जोडलेलं. लाइनवर काम करणाऱ्यांना धक्का बसू नये म्हणून ग्रिड गेली की इन्व्हर्टर आपोआप थांबतो. जनरेटर चौथऱ्यावर चढवला, पण डिझेल आणायला रस्ता तर मोकळा हवा! वरच्या मजल्यांवरच्या आजी-आजोबांचे पाण्याविना फार हाल झाले.

लिफ्ट नको. फक्त ५ एचपीचा थ्री-फेज सबमर्सिबल (साधारण ३.७ किलोवॉट) रोज तासभर चालावा. स्टार्टर डीओएल (मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू करणारा) आहे, पॅनल पहिल्या मजल्यावर हलवलंय. बॅटरीसाठी गच्चीवर बंद खोली आहे. जुना इन्व्हर्टर ठेवून बॅटरी जोडता येते, की हायब्रिडच (सोलर, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारा) घ्यावा लागेल? आणि सुरुवातीचा करंट कमी करायला व्हीएफडी (मोटरचा वेग हळूहळू वाढवणारा ड्राइव्ह) लावला, तर किती केव्हीएचा इन्व्हर्टर पुरेल?