स्पॅनिशमधलं 'सी' आणि आपलं 'असतं तर असतं'

प्रश्न: 'पैसे असते तर घर घेतलं असतं' याचं स्पॅनिश मी 'सी तेंद्रिआ दिनेरो, कोंप्रारिआ उना कासा' असं केलं. बाईंनी 'तेंद्रिआ'वर फुली मारली, 'कोंप्रारिआ' तसंच ठेवलं. मराठीत दोन्हीकडे 'असतं'च येतं, मग तिकडे दोन वेगळी रूपं कशाला?

उत्तर: फुली बरोबर आहे. 'कोंप्रारिआ', 'तेंद्रिआ' ही 'तर'च्या बाजूची रूपं. 'जर'च्या म्हणजे 'सी'च्या बाजूला सुबखुंतीवोचा (कल्पनेतल्या किंवा खात्री नसलेल्या गोष्टींसाठीच्या क्रियारूपाचा) भूतकाळ लागतो: 'तुबिएरा' (किंवा 'तुबिएसे', अर्थ तोच).

पण खरी मेख पुढे आहे. तुमच्या मराठी वाक्याचे दोन अर्थ होतात. आज हातात पैसे नाहीत, की तेव्हा नव्हते? आपण ते संदर्भावर सोडून मोकळे होतो. स्पॅनिशमध्ये तशी सूट नाही. आजची गोष्ट असेल तर 'सी तुबिएरा दिनेरो, कोंप्रारिआ'. संधी कधीच हुकली असेल तर 'सी उबिएरा तेनिदो दिनेरो, आब्रिआ कोंप्रादो'. मी मराठी वाक्यात आधी 'आत्ता' किंवा 'तेव्हा' घालून बघतो, मग रूप निवडतो. गंमत म्हणजे हुकलेल्या गोष्टीत 'तर'कडेही 'उबिएरा कोंप्रादो' चालतं; म्हणजे दोन्ही बाजू आपल्यासारख्याच जुळतात.

प्रश्न: आणि 'पाऊस आला तर मी जाणार नाही'?

उत्तर: इथे आपलीच भाषा तऱ्हेवाईक! पाऊस अजून यायचाय आणि क्रियापद 'आला'. स्पॅनिशमध्ये साधा वर्तमानकाळ: 'सी युएबे, नो साल्गो'. पावसाची खात्री नाही म्हणून सुबखुंतीवोचं 'युएबा' घालायचा मोह होतो, पण अटीच्या 'सी'नंतर ते येत नाही, भविष्यकाळही नाही. 'येईल की नाही ठाऊक नाही' यातल्या 'की'लाही स्पॅनिशमध्ये 'सी'च म्हणतात, पण तो अटीचा नव्हे; तिथे 'नो से सी बेंद्रा' असा भविष्यकाळ चालतो.

वर्तमानकाळी सुबखुंतीवोची हौस 'कोमो'वर, म्हणजे धमकीतल्या 'जर'वर, भागवा. 'कोमो नो एस्तूदिएस...' म्हणजे आईचं 'अभ्यास केला नाहीस तर बघ!'

प्रश्न: म्हणजे 'सी तेंद्रिआ' कुणीच म्हणत नाही?

उत्तर: म्हणतात की! उत्तर स्पेनमध्ये, बुर्गोस आणि बास्क प्रदेशाकडे, बोलताना सर्रास ऐकू येतं, आणि तिथल्या शाळेतही त्यावर फुलीच पडते. परीक्षेत बुर्गोसचा दाखला देऊ नका.