पोरांच्या जर्सीचे पैसे कोण देणार? – पोकी मशीन आणि सिडनीचे क्लब

पश्चिम_सिडनीकर

न्यू साउथ वेल्समध्ये पोकी मशीनला लगाम घाला असं कुणी म्हटलं, की समोरून ठरलेला प्रश्न येतो: मग पोरांच्या जर्सीचे पैसे कोण देणार? हल्ली आपल्या मराठी घरांतूनही तो ऐकू येतो, म्हणून हा धागा.

भारतातल्या मंडळींसाठी: पोकी म्हणजे नोट सरकवून बटण दाबत बसायचं जुगाराचं यंत्र. बहुतेक देशांत ते कॅसिनोत असतं, इथे घराजवळच्या क्लबात. क्लबांना १९५६ साली परवानगी मिळाली, पबना १९९७ मध्ये. आज एकट्या या राज्यात ८५ हजारांच्या आसपास यंत्रं आहेत. रग्बी लीगच्या संघांना पोसणारे लीग्ज क्लब, माजी सैनिकांच्या नावाने चालणारे आरएसएल क्लब, म्हाताऱ्यांचे बोलिंग क्लब, बहुतेकांचा गाडा यावरच चालतो.

आता ते 'दान' बघा. ज्या क्लबचं पोकीचं वार्षिक उत्पन्न १० लाख डॉलरच्या वर जातं, त्याने वरच्या रकमेच्या १.८५ टक्क्यांपर्यंत पैसे समाजकामाला दिले तर तेवढी करात सूट मिळते. क्लबग्रँट्स म्हणतात ते हेच. म्हणजे सरकारी तिजोरीत जायचा पैसा क्लब स्वतःचा फलक लावून वाटतो. तोही शंभराला दोन डॉलर भरत नाही. आणि एवढ्यासाठी आपण त्यांची वकिली करायची?

खजिनदार

मी एका ज्युनियर क्रिकेट क्लबचा हिशेब बघतो, तेव्हा आम्हालाही बोलू द्या. किट बॅगा, काउन्सिलचं मैदानभाडं, विमा, सीझनचे चेंडू, प्रथमोपचाराची पेटी. यातला बराचसा भार शेजारचा लीग्ज क्लब उचलतो. वार्षिक बक्षीस समारंभाला त्यांचा हॉल मिळतो, भाडं शून्य. त्यांनी हात आखडला तर फी वाढवावी लागेल, आणि फी वाढली की आधी कोण गळतं? नुकतेच आलेले, दोन-दोन पोरं असलेले, एका पगारावर चालणारे. आपलेच लोक.

"तो सरकारचाच पैसा आहे" हे कागदावर बरोबर. पण तिजोरीत गेलेला पैसा आमच्या मैदानापर्यंत परत आला असता याची हमी कोण घेतं? तुम्ही?

मी_माझा_मुखत्यार

खजिनदारांना +१. शहाण्याने जाऊ नये, संपला विषय. माझा पैसा, माझी रात्र. रोकडीऐवजी कार्ड सक्तीचं करा म्हणतात, पण सरकारला त्यावर माझा हिशेब कशाला हवा?

निशाचर

शहाण्याने जाऊ नये म्हणणाऱ्यांनी एक रात्र तिथे उभं राहून बघावं. विद्यार्थी असताना मी एका क्लबात मशीनच्या दालनात रात्रपाळी केली आहे, नाव घेत नाही. एक डॉलर लावला आणि २० सेंट परत आले, तरी यंत्र गाणं वाजवतं, दिवे नाचवतं. खिशातून ८० सेंट गेलेत, पण कानाला वाटतं जिंकलो. बाथरूमला जाताना यंत्र राखून ठेवायचं बटण असतं, म्हणजे परत येऊन 'आपल्या'च यंत्रावर बसता येतं. जेवणाच्या बिस्ट्रोत गिऱ्हाइकाने रांगेत उभं राहायचं, आणि इथे आम्ही कॉफी जागेवर नेऊन द्यायची. माणूस उठता कामा नये, बस्स.

हिशेबही सोपा आहे. इथे एका पैजेची मर्यादा १० डॉलर. तीन सेकंदाला एक डाव धरला तर तासाला १२०० डाव. यंत्राने दर डावामागे सरासरी १० टक्के ठेवून घेतले तर तासाचा खड्डा १२०० डॉलर. "नव्वद टक्के परत देतो की" असं म्हणतात ना, ते एका डावाचं. तेच पैसे माणूस पुन्हा पुन्हा लावतो तेव्हा त्या नव्वदाचं काय उरतं ते ज्याचं त्याने बघावं. केंद्र सरकारला सल्ला देणाऱ्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने २०१० च्या अहवालात पैजेची मर्यादा एक डॉलर करा म्हटलं होतं. तेवढ्याने तासाचं नुकसान १२० वर येतं.

त्याच अहवालाचा अंदाज होता की पोकीतला जवळपास ४० टक्के पैसा जुगाराच्या आहारी गेलेल्यांचा असतो. वाढदिवसाला वीस डॉलर उडवणाऱ्या काकांवर क्लब चालत नाही, खजिनदारसाहेब.

आणि मुखत्यार, कार्डाचं म्हणाल तर ओपल कार्डावर तुमचा रोजचा लोकलचा प्रवास सरकारला दिसतोच की.

मी_माझा_मुखत्यार

प्रवास आणि पैसा यात फरक आहे. आणि कार्ड लावलंत की लोक फोनवर बेटिंग करणार. तिथे ना कॉफी, ना बंद व्हायची वेळ.

स्वाती_मेलबर्न

फोनवरच्या बेटिंगलाही लगाम हवाच. पण ऑस्ट्रेलियात जुगारात बुडणाऱ्या पैशांतला सगळ्यात मोठा वाटा अजून पोकीचाच आहे, तेव्हा सुरुवात कुठून हा वाद नको.

आमच्याकडे फुटबॉल क्लबांचीही हीच रड होती. नॉर्थ मेलबर्न २००८ मध्ये पोकीतून बाहेर पडला तेव्हा तो काही श्रीमंत क्लब नव्हता. पुढे कॉलिंगवूड, जीलॉंग, हॉथॉर्नही पडले. काहींना अजून सुटत नाही. पण वेस्टर्न ऑस्ट्रेलियाकडे बघा. पर्थचा कॅसिनो सोडला तर अख्ख्या राज्यात पोकी नाही. तरी वेस्ट कोस्ट ईगल्स देशातल्या सर्वात धनवान क्लबांपैकी एक, आणि पोरंही शनिवारी मैदानावर असतातच.

खजिनदार

स्वातीताई, ईगल्सना टीव्हीचा पैसा मिळतो, माझ्या अंडर-११ ला नाही. आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात छोट्या क्लबांना पैसा कुठून येतो तेही सांगा: लॉटरीवेस्टमधून. सरकारी लॉटरी! शेवटी जुगारच. त्यांचा सोवळ्यातला, आमचा ओवळ्यातला?

स्वाती_मेलबर्न

लॉटरीचं तिकीट काढून माणूस घरी जातो, तासाला १२०० तिकिटं काढत बसत नाही. सोवळं-ओवळं नाही, वेगाचा प्रश्न आहे.

नॉर्वेत तर तुमच्यासारखीच अवस्था होती. रेड क्रॉस, क्रीडासंस्था, सगळ्यांना मशीनचा पैसा. २००७ मध्ये सरकारने सगळी यंत्रं उचलली. २००९ मध्ये सरकारी कंपनीची नवी आली, कार्डाशिवाय न चालणारी, नुकसानाची मर्यादा आधीच ठरलेली. त्या कंपनीच्या नफ्याचा मोठा वाटा आज खेळांनाच जातो.

बारामतीचा_बेरकी

हे नॉर्वे-बिर्वे ठीक. इथलं राजकारण कोण सांगणार? २०१० मध्ये अपक्ष खासदार अँड्र्यू विल्कीने पोकीवर मर्यादा आणायच्या अटीवर मजूर पक्षाच्या पंतप्रधान गिलार्डबाईंच्या अल्पमतातल्या सरकारला टेकू दिला. क्लबांनी 'हे ऑस्ट्रेलियन नाहीच' अशी मोहीम उघडली, मजूर पक्षाचे खासदार गळपटले. संसदेत एक मत जास्तीचं मिळाल्यावर २०१२ च्या जानेवारीत बाईंनी शब्द फिरवला. २०२२ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या क्राइम कमिशनने सांगितलं की गुन्हेगारीतला पैसा या यंत्रांतून फिरतोय, कार्ड सक्तीचं करा. प्रीमियर (म्हणजे राज्याचे मुख्यमंत्री) पेरोटे 'करतो' म्हणाले आणि मार्च २०२३ ची निवडणूक हरले (फक्त यामुळे नव्हे, ते मान्य). त्यांच्या जागी मजूर पक्षाचे मिन्स आले, तेही ५०० यंत्रांवर चाचणीचं आश्वासन देऊन. ८५ हजारांतली ५००! नव्या यंत्रांत एका वेळी भरायची रक्कम ५००० वरून ५०० डॉलरवर आणली, बाहेरच्या पाट्या उतरवल्या, तेवढं पदरात पडलं. टास्मानियानेही दिवसाला १०० डॉलरच्या मर्यादेचं कार्ड जाहीर केलं होतं, २०२४ मध्ये तेही बासनात.

फोंड्याचो_मनीस

मांडवीतली कॅसिनोची जहाजं बघत वाढलेल्याने बोलावं की नाही कोण जाणे. पण भारतातलं ताजं उदाहरण आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, ड्रीम११ ने टीम इंडियाच्या जर्सीवरून काढता पाय घेतला. आशिया चषकाला संघ छातीवर प्रायोजकाविना उतरला. लगेच अपोलो टायर्स आले. पैसा मिळतो हो.

खजिनदार

मिळतो! मग त्या टायरवाल्यांचा नंबर द्या, आमच्या अंडर-११ ला चार स्टंप हवेत.

विनोद सोडा. मी क्लबांचा भक्त नाही. निशाचर म्हणतात ते मीही बघतो. बक्षीस समारंभाच्या हॉलकडे जाताना ते दालन वाटेतच लागतं. माझं भांडण क्रमाशी आहे. क्लबग्रँट्सचा पैसा आधी सरळ राज्याच्या क्रीडा निधीत वळवा, छोट्या क्लबांना तिथून अर्ज करू द्या, मग कार्ड आणा. उलट केलंत तर मधली दोन वर्षं आमची पोरं लटकतील. त्याला माझा विरोध राहणार.

पश्चिम_सिडनीकर

क्रम मान्य. पण हे सरकारकडे मागणार कोण? ग्रँट घेणारा एकही क्लब तोंड उघडत नाही, पुढच्या वर्षीचा अर्ज असतो ना. तुमच्या वार्षिक सभेत ठराव मांडा: आम्हाला हा पैसा सरकारकडून थेट हवा, फलकाशिवाय. प्रत स्थानिक आमदाराला.

मी_माझा_मुखत्यार

ठरावाने कुणाचं भलं झालंय?

खजिनदार

मांडतो. अनुमोदक पश्चिम_सिडनीकर, आता माघार नाही. आणि शनिवारी स्कोअरिंगलाही कुणीतरी या, दर वेळी मीच वही घेऊन बसतो.