सोलापुरात गोल्फ क्लबची (खेळायच्या काठीची) ग्रिप जाड करायची आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी,

माझे बाबा लष्करातून निवृत्त झाले, आता आमच्याकडे जुळे सोलापुरात असतात. नोकरीत लागलेला गोल्फ अजून सुटलेला नाही. रोज सकाळी अंगणात जाळी लावून मारतात आणि हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेले की जुन्या सोबत्यांबरोबर खेळतात. पण संधिवाताने बोटांची पेरं सुजली आहेत. ग्रिप आवळून धरली की दुखतं, सैल धरली की चेंडू लागताना क्लब हातात फिरतो. डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितलेलं नाही, फक्त मूठ जाड करून घ्या म्हणाले.

क्लब धरल्यावर डाव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका यांची टोकं तळव्याला जेमतेम टेकावीत, असं बाबा सांगतात. त्यांची तर तळव्यात रुततात. सात नंबरच्या आयर्नची (धातूच्या पात्याच्या क्लबची) जुनी ग्रिप काढून, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ओळखीच्या टर्नरकडून शाफ्टचं, म्हणजे दांड्याचं, वरचं टोक व्हर्नियरने मोजून घेतलं. १५.२ मिमी भरलं, म्हणजे ०.६०० इंच.

इथल्या एका खेळाच्या दुकानात क्रिकेटच्या बॅटला शंकूसारख्या कोनावरून ग्रिप चढवून देतात. गोल्फची ग्रिप एका टोकाला बंद असते, त्यामुळे तो कोन चालणार नाही. आहे त्याच ग्रिपवर टेनिसची ओव्हरग्रिप गुंडाळून देतो म्हणाले, ते मला पटलं नाही.

मिडसाइझ (साधीपेक्षा जाड) ग्रिप मागवू, की साधीच घेऊन खाली टेपचे थर देऊ? उजव्या हाताखाली ग्रिप निमुळती होते आणि तिथेच त्यांना जास्त दुखतं. तेवढाच भाग जाड करता येतो का? आणि हो, सोबत्यांबरोबरच्या खेळातही बाबांना नियमात बसणारंच हवं असतं.

प्रतिसाद, पुण्याहून:

ताई, टेपच करा. साध्या मास्किंग टेपच्या एका थराने जाडी साधारण १/६४ इंच वाढते. चार थर दिले की १/१६, म्हणजे मिडसाइझइतकी. शिवाय एक थर कमी-जास्त करता येतो, आणि दुखऱ्या बोटांसाठी तेच महत्त्वाचं. तयार जम्बो ग्रिप बहुतेकदा जड असते. मुठीकडे ४-५ ग्रॅम वाढले तरी स्विंगवेट (क्लब फिरवताना डोक्याकडे जाणवणारं वजन) एका अंकाने उतरतं आणि क्लबचं डोकं हाताला हलकं लागतं.

उजव्या हाताखाली एक-दोन थर जादा द्या, पण कडा एकदम संपवू नका, थर पायरीपायरीने कमी करत आणा. नियमाने पटर (चेंडू भोकाकडे ढकलायचा क्लब) सोडून बाकी क्लबांची ग्रिप गोलच हवी. निमुळती चालते, पण मध्ये फुगवटा किंवा खाच चालत नाही. उतार कमी झाला तर हरकत नाही, खालचा भाग वरच्यापेक्षा जाड होऊ देऊ नका.

सगळ्यात वर दुहेरी चिकटपट्टी. ग्रिपच्या बंद टोकाला बारीक भोक असतं, ते बोटाने दाबून आत व्हाइट स्पिरिट ओता, हलवा, तेच टेपवर सगळीकडे ओता आणि ग्रिप एका दमात शेवटपर्यंत ढकला. पेट्रोल अजिबात वापरू नका. सोलापूरच्या उन्हात स्पिरिट झपाट्याने उडतं आणि ग्रिप अर्ध्यातच अडकते, म्हणून पहाटे सावलीत करा. ग्रिपवरची रेघ सरळ आली की नाही ते लगेच बघा, मग दिवसभर हात लावू नका. सगळे क्लब एकदम करू नका, आधी सात नंबर बाबांना काही दिवस मारू द्या.

ड्रायव्हरचा (लांब फटक्याच्या क्लबचा) शाफ्ट ग्रॅफाइटचा असेल तर ग्रिप कापताना साधं ब्लेड नको, तंतू कापले जातात. आकड्यासारखं वाकडं पातं घ्या.

प्रतिसाद, सोलापूरहूनच:

वाकडं पातं लिनोलियम बसवणाऱ्यांकडे बघा, त्यांच्या रोजच्या वापरातलं असतं. नाहीच मिळालं तर कळवा की, माझ्याकडचं देतो.

मूळ प्रश्नकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. ड्रायव्हर ग्रॅफाइटचाच आहे, तो पातं मिळेपर्यंत बाजूला. सात नंबरला वर चार थर देते, उजव्या हाताखाली पाच. एकच विचारायचं राहिलं: मास्किंग टेप शाफ्टभोवती फेऱ्या मारत गुंडाळायची, की लांबीने उभी लावायची? बाबा म्हणतात उभी, म्हणजे पदर एकमेकांवर चढत नाहीत.