वृद्धाश्रमात कोणी वारल्यास इतर निवाशांना सांगावे का?

गोदाकाठ (मूळ प्रश्न)

नमस्कार. नाशिकजवळच्या एका वृद्धाश्रमात मी शुश्रूषा विभागाचे काम पाहते. आमच्याकडील बरेच निवासी अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यामुळे मृत्यू ही आमच्यासाठी अपवादाने घडणारी गोष्ट नाही. मात्र कोणी वारले की त्या खोलीचे दार ओढून घ्यायचे, बाकीच्यांना भजनाला बसवायचे, शववाहिका मागच्या फाटकाला लावायची आणि कोणी विचारलेच तर ‘दवाखान्यात नेले आहे’ असे सांगायचे, ही इथली जुनी रीत आहे. म्हातारी माणसे हाय खातात, असे संस्थाचालकांचे म्हणणे असते.

अलीकडे एक आजी वारल्या. त्यांच्या शेजारच्या खाटेवरील आजींना थोडा स्मृतिभ्रंश आहे. वारलेल्या आजींची मशेरीची डबी त्यांनी स्वतःच्या उशीखाली ठेवली आहे आणि सामान न्यायला आलेल्या मुलालाही ‘ती आली की मागेल’ असे सांगून त्यांनी ती दिली नाही. ज्या मावशी वारलेल्या आजींना रोज भरवत असत, त्यांनी शेवटच्या दोन दिवसांत आपण पेजही पोटात घालू शकलो नाही याचा धसका घेतला असून, त्या खोलीची पाळी त्या टाळू लागल्या आहेत. अशा वेळी निवाशांना खरे सांगावे का, स्मृतिभ्रंश असलेल्यांचे काय करावे आणि मावशींना कसे सावरावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

शुश्रूषा_पुणे

ताई, मी उपशामक सेवेत (बऱ्या न होणाऱ्या रुग्णांचा त्रास कमी करणाऱ्या सेवेत) परिचारिका आहे. मावशींपासून सुरुवात करते, कारण तुमच्या प्रश्नातील सर्वांत निकडीची बाब मला तीच वाटते.

मृत्यू जवळ आलेल्या माणसाची भूक आणि तहान मंदावते, कारण शरीराला अन्न पचवणे आणि वापरणेच झेपेनासे होते. जेवण थांबले म्हणून मरण येते असे नसून, मरण जवळ आले म्हणून जेवण थांबलेले असते. ही एक गोष्ट मावशींना कोणीतरी शेजारी बसवून सांगायला हवी होती, आणि अजूनही सांगता येईल. गिळण्याची शक्ती गेलेल्या माणसाला आग्रहाने पेज भरवली असती, तर ती श्वासनलिकेत जाऊन आजींचा जीव घाबरा झाला असता. गंगाजलाबाबतही हीच काळजी घ्यावी. नातेवाईक श्रद्धेने चमचा पुढे करतात आणि त्यांना अडवणे बरे दिसत नाही. म्हणून ओठ आणि जीभ ओली होईल इतकेच थेंब तुळशीच्या पानाने लावायला सांगावे, म्हणजे त्यांचे मनही राखले जाते आणि ठसकाही लागत नाही. याच काळात ओल्या कापसाने तोंड वारंवार पुसणे आणि ओठांना थोडे तूप लावणे हीच खरी सेवा असते, आणि भरवण्याची सवय असलेल्या हातांना त्यामुळे करायला काही उरते.

झोप वाढणे, हातपाय गार पडणे, गुडघ्यांवर व तळपायांवर जांभळट चट्टे उमटणे, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होणे आणि घशात घरघर होणे ही लक्षणे सर्व कर्मचाऱ्यांना आधीच माहीत असावीत. घरघर ऐकून माणूस गुदमरतो आहे असे वाटते. प्रत्यक्षात बेशुद्धीकडे झुकलेल्या रुग्णाला गिळता न आलेल्या स्रावाचा तो आवाज असतो आणि त्याचा त्रास बहुधा ऐकणाऱ्यालाच अधिक होतो. कुशीवर वळवल्याने तो बराच कमी होतो, आणि गरज पडल्यास डॉक्टर स्राव कमी करणारे औषध देतात. वेदना असतील तर तोंडाने घेण्याच्या मॉर्फिनबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा; अमली पदार्थविषयक कायद्यात 2014 साली दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणे पूर्वीपेक्षा सुलभ झाले आहे, तरी केवळ भीतीपोटी ते टाळले जाते.

निवाशांना मात्र त्याच दिवशी सांगा, आणि शववाहिका पुढच्या दाराला लावा.

समाजसेवा_विभाग

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. स्मृतिभ्रंशाबाबत थोडी भर घालतो. मी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक म्हणून काम करतो. अशा व्यक्तीला सुरुवातीला एकदा, शांतपणे आणि सोप्या शब्दांत सांगावे. मात्र ती विसरून पुन्हा विचारू लागली, तर प्रत्येक वेळी नव्याने बातमी देऊ नये, कारण तिच्यासाठी ते प्रत्येक वेळी पहिलेच दुःख असते. ‘दवाखान्यात आहेत’ असेही म्हणू नये. ‘तुम्हाला त्यांची आठवण येते ना, तुम्ही दोघी काय काय बोलायचात?’ असे विचारावे आणि त्यांना बोलू द्यावे. डबी त्यांच्याकडेच राहू द्यावी आणि मुलाला फोन करून त्याची संमती घ्यावी (आतली मशेरी ठेवायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील).

मावशींचे दुःख हे अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 साली मांडलेल्या, समाजाची मान्यता न मिळणाऱ्या दुःखांपैकी आहे. त्या नात्याच्या नसल्याने त्यांना सुतक नाही, सुट्टी नाही आणि कोणी भेटायलाही येत नाही, पण आजींच्या शरीराची ओळख मुलापेक्षा त्यांनाच अधिक होती. शोकाचे पाच टप्पे (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) क्रमाने यावेत अशी अपेक्षाही त्यांच्याकडून ठेवू नका. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 साली मांडलेले ते टप्पे मुळात मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संभाषणांतून आले होते. मागे राहिलेला माणूस कधी दुःखात बुडतो, कधी कामात रमतो, आणि ही ये-जा स्वाभाविक असते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना चार दशकांहून अधिक काळ सांभाळले आणि 18 मे 2015 रोजी त्या गेल्या तेव्हा घरचे माणूस गेल्यासारखा उघड शोक केला. तुमच्या मावशींना अंत्यदर्शनाला तरी बोलावले होते का?

वाईकर

थोडा वेगळा सूर लावतो. माझे वडील अशाच एका आश्रमात आहेत आणि ‘मला अशा बातम्या सांगत जाऊ नका’ असे त्यांनी स्वतःच बजावून ठेवले आहे. हॉलमध्ये सर्वांना एकत्र बसवून जाहीर केल्यास त्यांच्यासारख्यांच्या इच्छेचे काय? माझ्या मते प्रवेशाच्या वेळीच प्रत्येकाला हे विचारून नोंद ठेवावी आणि अधूनमधून पुन्हा विचारावे, कारण माणसाचे मत बदलते. त्याच वेळी अंतिम इच्छापत्राचाही (मालमत्तेचे नव्हे, तर शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारे, म्हणजे ‘लिव्हिंग विल’) विषय काढता येईल. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली त्याला मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते, पूर्वीसारखे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे लागत नाही.

खोली_क्रमांक_नऊ

मी स्वतः आश्रमात राहते आणि वयाची ऐंशी ओलांडली आहे. आम्हाला सगळे कळते. अवेळी भजन लागले, फिनेलचा वास आला आणि गच्चीवर गादी उन्हात पडली की कोण गेले एवढेच शोधायचे उरते, आणि ते स्वयंपाकघरातून कळते. सांगितल्याने हाय खाण्यापेक्षा, आपल्यालाही असेच गुपचूप मागच्या दाराने नेणार हे पाहून अधिक वाईट वाटते. वाईकर यांच्या वडिलांची इच्छा जरूर पाळावी, परंतु ज्यांना हवे त्यांना फूल वाहू द्यावे. नवीन माणूस त्या खाटेवर येणार असेल तर शेजारणीला आदल्या दिवशी सांगावे, एवढी आणखी विनंती आहे.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. अंत्यदर्शनाला मावशींना बोलावले नव्हते. त्या वेळी त्या जेवणघरात वाढत होत्या. शुश्रूषाताईंनी लिहिलेला भुकेविषयीचा भाग मी आज त्यांना वाचून दाखवला. ‘हे आधी का नाही सांगितले’ असे म्हणून त्या बराच वेळ आजींबद्दल बोलत बसल्या. खोलीची पाळी मात्र त्यांनी अजून मागितलेली नाही आणि मीही आग्रह धरलेला नाही. डबीसाठी मुलाने संमती दिली आहे. प्रवेश-अर्जात ‘सहनिवाशांच्या मृत्यूची बातमी कळवावी का’ असा रकाना घालण्यास संस्थाचालक तयार झाले आहेत, परंतु पुढच्या दाराला त्यांचा अजून विरोध आहे, कारण भेटीला येणारे लोक काय म्हणतील ही त्यांना चिंता वाटते. कोणाच्या संस्थेत पुढच्या दाराने नेण्याची पद्धत असल्यास भेटीच्या वेळा कशा सांभाळता, हे कृपया लिहावे.