घाटातल्या संरक्षक भिंती: जिओग्रिड आणि संगणक, की आधी पाण्याला वाट?

घाटवाट: दर पावसाळ्यात घाटात तेच. दरड येते, जेसीबी येतो, घाईघाईने नवी भिंत उभी राहते आणि दोन-तीन पावसाळ्यांत तीही रस्त्यावर येते. कोकणात जांभ्याखाली मऊ चिकणमातीचा थर असतो आणि त्याखाली काळा कातळ. डोंगर अनेकदा त्या मधल्या थरावरूनच सरकतो. तो थर किती खोल आहे हे न बघता भिंतीचा एकच नकाशा अख्ख्या घाटाला लावतात! माझं ठाम मत: बोअर घेऊन संगणकावर उताराचं विश्लेषण, डोंगरात गज रोवून सॉइल नेलिंग आणि भरावात जिओग्रिडचे थर, हे सगळं निविदेतच सक्तीचं करा. जिओग्रिड म्हणजे पॉलिमरची मजबूत जाळी. माती तिच्यात अडकते आणि भराव स्वतःच भिंतीचं काम करतो.

पागोळी: पूर्ण असहमत. भिंत पाडतं ते पाणी. आमच्या गावच्या घाटातली आरसीसी भिंत पडायच्या आदल्या आठवड्यात मी जवळून पाहिली होती. धो धो पाऊस, आणि मागचं पाणी बाहेर पडायला भिंतीत ठेवलेली भोकं कोरडी ठणठणीत. एकात काठी घातली तर वीतभर आत सिमेंटचा गोळा. ओतकामाच्या वेळचाच. कुठलं सॉफ्टवेअर तो काढणार होतं?

मोजपट्टी: पागोळी, तुमचाच मुद्दा आकड्यांत मांडतो. ६ मीटर उंच भिंतीमागे कोरडा मुरूम असेल तर दर मीटर लांबीला साधारण ११ टन रेटा येतो. मागे वरपर्यंत पाणी तुंबलं की २३-२४ टन. दुपटीहून जास्त! म्हणून तर भिंतीमागे पिझोमीटर हवा. पाण्याचा दाब चढायला लागला की तो आधीच सांगतो आणि रस्ता बंद करता येतो.

पागोळी: सांगतो, पण ऐकायला कोण बसलंय? हाँगकाँगमध्ये १९७२ आणि १९७६ च्या दरडींनंतर १९७७ मध्ये स्वतंत्र कार्यालय उभं राहिलं. तिथे बांधलेल्या प्रत्येक उताराला क्रमांक आहे आणि त्याच्या देखभालीची जबाबदारी कुणाची, हे ठरलेलं आहे. आपल्या भिंतीची जबाबदारी कुणाची, हे मला दोन कार्यालयांत विचारूनही कळलं नाही. आणि माळीण, तळिये, इर्शाळवाडी? तिथे तर वरचा डोंगरच आला. तिथे कुठली भिंत बांधणार होतात?

घाटवाट: वाड्यांबद्दल मान्य. तिथे वेळेवर स्थलांतर हाच उपाय, भिंत नव्हे. पण कापलेल्या डोंगराचं काय? २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरडीने गाडी घसरली, पन्नासच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर कोकण रेल्वेने उतार कमी केले, जाळ्या बसवल्या, गस्तही वाढवली. साहित्य आणि माणूस, दोन्ही लागलं.

पागोळी: मग निविदेत देखभालीची १० वर्षं घाला आणि मे महिन्यात प्रत्येक भोकात पाणी सोडून बघा. एवढं लिहून आलं तर तुमच्या जिओग्रिडला माझा पाठिंबा. तोवर नाही.