लोहाच्या गोळ्यांना वेळ द्या

ताई, पंधरा दिवस लोहाच्या गोळ्या घेऊनही थकवा जात नाही म्हणून ब्रँड बदलायचं म्हणताय, तर जरा थांबा. आठवड्याभरात नव्या तांबड्या पेशी वाढू लागतात, पण हिमोग्लोबिन महिन्याला साधारण १ ते २ ग्रॅमनेच चढतं. ते नॉर्मल झालं तरी शरीरातला लोहाचा साठा भरायला डॉक्टर आणखी तीनेक महिने गोळ्या चालू ठेवतात, आणि नेमक्या तिथेच बहुतेकजण सोडून देतात. मुळात गोळी घेता कशासोबत? सकाळी विरार लोकल गाठायच्या घाईत चहाच्या घोटाबरोबर घेत असाल तर बरंचसं लोह वाया. चहा आणि कॅल्शियम, दोन्ही त्याला अडवतात. लिंबूपाणी चालेल.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची आठवड्याची पुडी चालू असेल तर जेवणानंतर घ्या, आणि तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासणी करून पैसे घालवू नका. (मुंबईत ऊन भरपूर, पण आपण ट्रेनमध्ये नाहीतर एसीत!) बी१२ने रक्त दोनेक महिन्यांत सुधारतं, पायाच्या मुंग्यांना मात्र कित्येक महिने लागू शकतात.

आणि पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर ते आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.